बेंदराला अडलेला रोबोट

आधीच सांगून ठेवतो – भूत, भानामती, बाहेरचं वगैरे मी मानत नाही. तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवलेल्या उताऱ्याचा नारळ उचलून खोबरं खाल्लेला माणूस आहे मी. पोट बिघडलं, पण ते खोबरं खवट होतं म्हणून...

सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट काय, तर बेदाण्याच्या शेडमध्ये क्रेट वाहून नेणारा रोबोट. म्हणजे चार चाकं, चार छोट्या मोटरी, वर पत्र्याचा ट्रे आणि मोबाईलवरून ब्लूटूथने हुकूम. वायरिंग माझ्याकडे होतं, इथूनच घोळ सुरू. मोटर थेट बोर्डाच्या पिनला जोडून मी एक बोर्ड जाळला. पुढच्या वेळी बॅटरीचा आणि बोर्डाचा मायनस एकत्र जोडायलाच विसरलो आणि दिवसभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. माझा पार्टनर विशाल म्हणायचा, "गड्या, तू सोल्डरिंग करतोस का उदबत्ती लावतोस?"

याच विषयात मी आधी एकदा गचकलो होतो. शेवटच्या ट्रायलच्या दुसऱ्याच दिवशी तोंडी परीक्षा, परीक्षक बाहेरचे. गाडी चालली नाही तर आणखी एक वर्ष रहिमतपुरात घरी बसायचं – आणि दळण आणायला गेलो तरी "सध्या काय करतोस?" ऐकायचं.

शेवटची ट्रायल तासगावजवळ, विशालच्या घरच्या शेडमध्ये. हंगाम संपलेला, रॅक रिकामे. भर दुपारी रिकामी गाडी झकास धावली. इतकी झकास, की मलाच संशय आला. तेवढ्यात विशालचे आजोबा, आप्पा, पुरणपोळ्या घेऊन आले. फौजेतून रिटायर झालेला कडक माणूस.

"पाव्हणं, आज बेंदूर हाय, बैलांचा सण. आज वझं वडाय लावू नगा."

"आवं आप्पा, हा बैल नाही. याला चार चाकं आहेत."

"बैलालाबी पाय चारच असत्यात," म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही पोट धरून हसलो. मग विटा भरलेला क्रेट ट्रेवर ठेवला, बटण दाबलं. गाडी जागची हलेना.

ओझं जास्त झालं असणार, म्हणून विटा काढल्या. नुसता प्लॅस्टिकचा रिकामा क्रेट – तरी हलेना. क्रेट उचलला की चालते, ठेवला की थांबते!

पहिला संशय अर्थातच माझ्यावर. ट्रेखाली वायर दबत असेल. ट्रे सोडवला, एकेक वायर ओढून बघितली, परत बसवला. तेच. क्रेट काढून ट्रे दोन्ही हातांनी दाबला, तर गाडी आरामात चालतेय! अडलेली मोटर कण्हते, तापते. क्रेट ठेवल्यावर या गारढोण. मीटर लावला, तर बॅटरीची वीज मोटरीच्या टोकांपर्यंत नीट पोचत होती. पोचत होती, आणि मोटर गप्प.

दुसरा संशय विशालवर.

"खरं सांग, काय केलंस?"

"आयशप्पत काय न्हाई रं! उद्या मलाबी तिथंच हुबं ऱ्हायचंय की."

तरी त्याचा मोबाईल बंद करून स्वतःच्या खिशात घातला. फरक शून्य. राहिले आप्पा. चोरपावलांनी बघायला गेलो, तर बैल कधीच विकलेल्या रिकाम्या गोठ्यात बसून ते जुन्या खुंट्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो तांबडा हिंगूळ लावत होते. वर न बघताच म्हणाले, "अडला व्हय? उद्या चालंल."

आता लाज सोडून सांगतो... विशालची पाठ वळली तसा पुरणपोळीचा तुकडा मी ट्रेच्या कडेला ठेवला. क्रेट उतरवला, गाडीला हात लावून पुटपुटलो, "चुकलं बाबा." आणि एकाही वायरीला हात न लावता गाडी तशीच पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर विटांचा क्रेट घेऊन गाडी सरळ चालत गेली. वळली. परत आली.

परीक्षकांनी ट्रेच्या कडेला चिकटलेला पिवळा तुकडा नखाने खरवडला. "हे काय?"

"इन्सुलेशन, सर."

"हं. या यंत्राच्या मर्यादा सांगा."

विशालने माझ्या पायावर पाय दिला. तरी तोंडून निघूनच गेलं, "वर्षातून एक दिवस बंद ठेवावं लागतं, सर."

"मेंटेनन्स?"

"हो, सर."

पास झालो. नंतर त्याच मोटरी, तोच क्रेट, तेच वायरिंग – कितीदा तपासलं, गाडी कधी अडली नाही. त्या दुपारी काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. वाचणाऱ्यांत कुणी इलेक्ट्रिकलवाला असेल, तर कारण जरूर सांगा. फक्त बेंदूर सोडून दुसरं सांगा... ते आप्पांनी आधीच सांगितलंय.