खंडूनं बसवलेले सील

माझ्या बायकोला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, ती तशीच गेली. ज्याला सगळ्यांच्या आधी सांगायला पाहिजे होतं त्याला तर आजपर्यंत सांगितलं नाही — आणि तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यातही भित्रेपणाच आहे, कळतं मला. पण ऐका. आणि ऐकताना माझी कीव करू नका. कुणी कीव केली की माझं डोकं फिरतं.

बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. बोर्डावर माझं एकट्याचं नाव आहे. आधी दोघांचं होतं — माझं आणि खंडूचं. खंडूच्या घरी मेंढरं. त्याचे बाप-चुलते कळप घेऊन फिरायचे, हा एकटाच पाने-पकडी धरून गावात राहिलेला. आमची शेती, पिढ्यांचं घर. लोक नमस्कार आधी मला घालायचे, मग त्याला. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मला? मला ते आवडायचं. आता कशाला खोटं बोलू?

पण काम त्याचं सरस होतं. हे सांगताना आजही दात आवळले जातात. गिऱ्हाईक गाडी घेऊन माझ्याकडं यायचं, माझ्याशी गप्पा मारायचं, आणि जाता जाता हळूच विचारायचं — "खंडू बघंल ना?" दहा वर्षं मी ते "खंडू बघंल ना" ऐकलं.

मग सर आले. हायस्कुलात आम्हा दोघांना गणित शिकवलेले सर. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं जुनी क्रूझर मोटारसायकल घेतली — लांब, जड, पुढचं चाक धरणारे शॉकअप चांगले हातभर पुढं आलेले. त्या शॉकअपचे पाइप गंजलेले होते. सर म्हणाले, "हे आरशासारखे करून द्या. मालनला मागं बसवून तिच्या बहिणीकडं तीर्थपुरीला न्यायचंय." मालनबाई म्हणजे त्यांची बायको. बोलताना सर लाजले होते.

खंडूनं पाइपावर बोट फिरवलं. "खड्डे पडलेत, सर. नवे मागवा."

सर त्याच्याकडं बघत होते. माझ्याकडं नाही, त्याच्याकडं. एवढंच झालं — आणि मी म्हणालो, "काही गरज न्हाई. जुनेच घासतो, जालन्याहून वर क्रोमचा मुलामा चढवून आणतो. मी स्वतः करतो." दुसरं काही कारण नव्हतं. शोधून बघा, सापडणार नाही.

घासायचं काम मी घाईत उरकलं. खड्डे पुरते गेलेच नव्हते. क्रोम होऊन आले तेव्हा पाइप असे चमकत होते की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा. खंडू थांबला नाही. त्यानं अंगठा फिरवला. "इष्णू, बोटाला लागून राह्यलंय. ह्यानं सील फाटंल. पुन्हा घासून क्रोम करून आण, न्हाई तर नवे मागव."

"करतो," मी म्हणालो. पाइप जालन्याला नेतो म्हणून उचलले, आणि घरी नेऊन कॉटखाली ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांना वरपासून खालपर्यंत तेल चोळलं आणि परत आणले. तेलानं बोटाला काही लागत नाही. "आता बघ."

त्यानं बघितलं. "आता बराबर हाय," म्हणाला, आणि सील बसवले. त्यानंच बसवले. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्याचा धोंडा केला.

शॉकअपच्या आत तेल असतं. त्याला आत धरून ठेवतं ते सील, पाइपाभोवतीची रबराची कडी. सील फाटलं तर तेल पाइपावरून खाली येतं, चाकावर, ब्रेकच्या चकतीवर. मग कितीही ब्रेक दाबा.

आठ दिवसांनी सर आले. खंडू त्याच्या चुलत्याकडं गेलेला. सरांनी बोट दाखवलं, बोटाला तेल. "विष्णू, हे गळायलंय का?" मला तेव्हाच कळलं होतं. काय झालंय, कशानं झालंय, सगळं. पण शॉकअप खोलले असते तर खंडूनं पाइप बघितले असते ना? मी फडक्यानं तेल पुसलं. "नवं सील हाय, सर. सुरुवातीला थोडं सुटतं. आपोआप बसंल."

गणिताचा मास्तर, आयुष्यभर पोरांना पडताळा करायला लावणारा — आणि माझं उत्तर त्यांनी न पडताळता धरलं. विद्यार्थी होतो म्हणून?

पुढच्या रविवारी दोघं निघाले. तीर्थपुरीच्या अलीकडं म्हशी रस्त्यात आल्या. सरांनी पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. पुलाच्या कठड्यावर गेली. सरांचं खांद्याचं हाड मोडलं. मालनबाईंचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

सरांचे जावई टेम्पोत घालून गाडी घेऊन आले. चकती तेलानं माखलेली. माणसं जमली. जावई ओरडले, "शॉकअप कुणी केले हे?"

त्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, "मेंढरं राखणाऱ्याला मशीनीतलं काय कळतंय?"

कुणीतरी. मी हे सगळ्यांना असंच सांगत आलो. बायकोला असंच सांगितलं — लोक किती वाईट बोलतात बघ, म्हणून हळहळलोसुद्धा. कुणीतरी नाही. मी. आधी मी म्हणालो, "सील खंडूनं बसवले." आणि लोक गप्पच राहिले, म्हणून पुढचं ते वाक्य जोडलं. मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. मला त्या लोकांचाही संताप येतो. माझ्या एका वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. "दहा वर्षं त्याच्याच हातची गाडी चालवतोय" असं एकानंही म्हणू नये? पण त्यांच्यावर कशाला दात खातोय मी!

खंडू तिथंच उभा होता. जावयांनी त्याच्या थोबाडीत मारली. खंडूनं माझ्याकडं बघितलं. मग त्यांना म्हणाला, "हां. सील मीच बसवले."

गर्दी पांगली, खंडूही गेला, तसे मी शॉकअप खोलले. क्रोमचे पापुद्रे सुटलेले, सील चिरलेलं. पाइप त्याच दुपारी भंगारवाल्याला दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी खंडू आला तो फक्त आपले पाने घ्यायला.

सर आजही लोकांना माझ्याकडं पाठवतात. "विष्णूकडं जा, भरवशाचा आहे." मालनबाई कुबडी टेकत गॅरेजसमोरून जातात आणि मला विचारतात, "बरा हाईस ना, बाबा?" बरा आहे. जेवतो, झोपतो. झोपसुद्धा चांगली लागते, याचाच जास्त राग येतो.

मागच्या महिन्यात जालन्याला खंडू भेटला. लोखंडाच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे. गेटासमोर चहा पीत होता. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यानं हाक मारली. चहा सांगितला. मग विचारलं, "बाई चालतेत का आता?"

"कुबडी घेऊन."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "लई विचार केला, इष्णू. सील तिरपं बसलं आसंल का? का बसवतानाच कापलं? शेकडो बसवले, तेच कसे चुकले? तवापासून पाना हातात धरला न्हाई बघ. हाताचा भरवसाच गेला."

मी समोर बसलो होतो. मध्ये दोन ग्लास होते, बाकी काही नव्हतं. तेव्हा तरी?

"होतं आसं कधीकधी," मी म्हणालो. "जाऊ दे. मी काही मनात ठेवलं न्हाई."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझा हात धरला.

नीट ऐकलंत ना? मी त्याला माफ केलं.