साहेबांनी शोधलेली वाट

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, त्या काळात मी तिथल्या भांडार विभागात कारकून होतो. परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या पेट्या विशाखापट्टणमच्या बंदरात उतरायच्या. एकदा पेट्यांवरचे नंबर कागदांशी जुळेनात. आमच्या साहेबांना तिकडे पाठवलं आणि फायली उचलायला साहेबांनी मला सोबत घेतलं.

साहेब मूळचे नागपूरकडचे, आणि चालण्याच्या विषयात स्वतःला आचार्य समजायचे. रोज पहाटे मरोद्याच्या तलावापर्यंत पायी जायचे आणि दिवसभर ऑफिसात त्याचं पुराण लावायचे. परत येताना ते ट्रक थांबवून त्यात बसतात, हे मला एका ड्रायव्हरनंच सांगितलं होतं. पण साहेबाला कोण विचारणार?

रविवारी बंदराचं ऑफिस बंद होतं. साहेब म्हणाले, "आज समुद्राच्या काठाकाठानं भीमिली गावाले पायी जाऊ. पंधराएक मैल तर आहे. तुले जमन का?"

"साहेब, तिकडे बस जाते म्हणतात."

"बसनं म्हातारे जातात!"

निघालो. साहेबांच्या पायात कोरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण, हातात काठी. थर्मास, पुऱ्यांचा डबा आणि साहेबांचे बदलायचे कपडे माझ्या खांद्यावर. बंदराबाहेरचा मोकळा समुद्र मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले, वाट एका खडकावर चढायची आणि पलीकडे कोळ्यांच्या वस्तीत उतरायची. जरा थांबून बघावं म्हटलं, तर साहेब मोकळ्या हवेचे फायदे सांगत सुटलेले. तिसऱ्या चढावर मात्र त्यांची वाचा बसली आणि पाठोपाठ तेही बसले. "बूट चावून राहिले," म्हणाले. चालताना पोट हलकं हवं असा मला उपदेश करून त्यांनी दोन सोडून सगळ्या पुऱ्या संपवल्या.

दुपारी लाल मातीच्या टेकड्या लागल्या. जाळं विणणाऱ्या एका कोळ्यानं हातानं खूण करून काठाकाठानंच जा म्हणून सांगितलं.

"याले काय कळते?" साहेब म्हणाले. "मी नकाशा पाहिला आहे. टेकड्यांतून गेलो तर अर्धं अंतर वाचते."

आत शिरलो. पावसानं कोरलेल्या उंच, अरुंद घळी, एकीतून दुसरीत. तेच काजूचं झाड तिसऱ्यांदा दिसलं, तेव्हा साहेबांचा आवाज बारीक झाला.

"तू कावून काही बोलून नाही राहिला?"

"काय बोलू साहेब?"

"रस्ता ध्यानात ठेवणं तुझं काम होतं!"

एवढं बोलून ते मटकन खाली बसले. डोळ्यांत पाणी होतं. मला दया यायला हवी होती. आली नाही. उलट बरं वाटलं, अगदी मनापासून.

तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली. साहेब हिंदीत तिच्यावर ओरडू लागले. तिला समजेना तसा आवाज चढवत गेले, जणू तेलुगू बोलणारी माणसं बहिरीच असतात. तिनं साहेबांच्या फोड आलेल्या पायांकडे पाहिलं, खुदकन हसली आणि चालू लागली. मी तिच्या मागे, आणि बूट गळ्यात अडकवलेले साहेब अनवाणी माझ्या मागे.

थोड्याच वेळात घळ संपली. समोर समुद्र आणि काठावर भीमिलीचा दीपस्तंभ. साहेबांची छाती पुन्हा फुगली.

"पाह्य, मी म्हटलं नव्हतं, इकडूनच रस्ता आहे म्हणून?"

म्हातारीला त्यांनी साधा नमस्कारही केला नाही. मी हात जोडले, पण ती केव्हाच वळली होती.

विशाखापट्टणमला परतलो ते बसनंच. साहेब माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते.

भिलाईला आल्यावर ऑफिसात पूर्ण सेक्शनसमोर कथा झाली. टेकड्यांत मी रडायला लागलो होतो म्हणे, आणि साहेबांनी सूर्यावरून दिशा ओळखून मला बाहेर काढलं.

"हो का नाही बाबू?" साहेबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या बढतीचा कागद त्या दिवसांत साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"हो साहेब," मी म्हटलं. "तुम्ही होतात म्हणून वाचलो."

त्यांनी त्याच आठवड्यात सही केली. मी घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं, साहेब स्वभावानं कसे आहेत? मी म्हटलं, चांगले आहेत.