चार वर्षांचा म्हातारा

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. आपण कॅमेरा लावून कोपऱ्यात उभे असतो, पाच मिनिटांत लोक आपल्याला विसरतात आणि मग जे घडायचं ते आपल्यासमोरच घडतं. जुईनगरला आमचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही तिघं चहाला बसलो की कुणीतरी सुरू करतं, "त्या दिवशी काय झालं..." आणि चहा गार होतो. आज सांगतोय ते सगळे किस्से मात्र एकाच कॅमेऱ्याचे आहेत.

तिघं म्हणजे दत्ता म्हात्रे, वैशाली आणि मी. दत्ता कॅमेरामन, इथल्याच खाडीकाठच्या गावातला. वैशाली एडिटिंग करते. माहेर साताऱ्याकडचं, लग्नानंतर खांदेश्वरला आली. मी सावंत. कामं आणतो, पार्टीशी बोलतो आणि गरज पडली तर दुसरा कॅमेरा धरतो.

* * *

कॅमेरा घेतला त्या आठवड्यात दत्ताने त्याचं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आमच्या लाइनमध्ये हे कुणी करत नाही. बटण कुठलं, मेनूत काय कुठे, सगळं त्याच्या बोटांत बसलं.

दिघ्याला एका हळदीत नवऱ्याच्या मित्रांनी रंगात येऊन दत्ताच्या दोन्ही डोळ्यांत हळद घातली. त्याने एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने चाचपत फोकस आणि लाइट लावला, पण शॉट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी वैशालीने तो शॉट बघितला. एकदम क्लीन.

"दत्तादा," ती म्हणाली, "इथून पुढं डोळे मिटूनच शूट करा. उघड्या डोळ्यांनी इतकं चांगलं येत नाही."

* * *

तीन-चार वर्षं मस्त गेली. मग स्टेजमागचे फुलांचे पडदे गेले आणि एलईडी वॉल आल्या. या वॉलचा उजेड सारखा लुकलुकत असतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात. आमच्या कॅमेऱ्यात शटरचे मोजकेच आकडे होते. पन्नास, साठ, शंभर. वॉल यातल्या एकाशीही जुळायला तयार नाही.

नेरूळच्या एका लग्नाचा व्हिडिओ आम्ही नवरीच्या वडिलांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग शांतपणे म्हणाले, "सावंत, माझ्या मुलीच्या मागे हे दुकानाचं शटर का वर-खाली होतंय?"

वैशालीने चार दिवस बसून जमेल तेवढे पट्टे पुसले. दत्ता मात्र त्या दिवशी जेवला नाही. कॅमेरा मांडीवर घेऊन मेनू उघडत होता, बंद करत होता.

* * *

त्यानंतर वाशीला कॅमेऱ्याच्या कंपनीने नव्या मॉडेलचा डेमो ठेवला. नवी मुंबईतले बरेच व्हिडिओवाले आले होते. कंपनीचे साहेब एलईडी वॉलसमोर उभे राहिले आणि त्यांनी नव्या कॅमेऱ्यातला शटर फिरवला. पन्नास पॉइंट एक, पन्नास पॉइंट दोन, पन्नास पॉइंट तीन. पट्टे हळू झाले, थांबले, गेले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर दत्ता उठला. "साहेब, यात पार्ट नवा हाय, का नुसता आकडा नवा हाय?"

साहेब माणूस सरळ होता. म्हणाला, "हे फीचर सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मंग ते आमच्या कॅमेऱ्यात का नाय देत?"

"सर, तुमचं मॉडेल आता जुनं झालं. प्रत्येक जुन्या मॉडेलवर पुन्हा काम करायचं, पुन्हा टेस्टिंग करायचं, तर नवीन कधी बनवणार?"

"चार वर्षांचा हाय तो," दत्ता म्हणाला. "आमच्यात चार वर्षांचा पोर अजून शालेत पन नाय जात. तुमी त्याला म्हातारा केला?"

सगळा हॉल हसला. साहेबही हसले. पण हातातला रिमोट खाली ठेवून त्यांनी दत्ताचं मॉडेल विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

* * *

बाहेर चहाच्या टपरीवर घरतने आम्हाला गाठलं. घरत पनवेलचा, आमच्याच धंद्यातला, आणि नवं मॉडेल त्याने आधीच बुक केलेलं.

"दत्ता, तुझं चुकतंय," तो म्हणाला. "जुन्यालाच सगळं दिलं तर मी नवा घेतला कशाला?"

उत्तर वैशालीने दिलं. "घरतदादा, तुमच्या नव्यात मोठी लेन्स आहे, चित्र मोठं येतंय. ते आम्ही मागितलं का? ज्याला पार्ट लागतो ते तुमचं. जे आमच्या मशीनला आत्ताही जमतंय, तेवढंच मागतोय."

घरत चहा संपवून निघून गेला. पटलं नव्हतं त्याला.

* * *

दत्ता म्हणाला, कंपनीला पत्र लिहू. वैशाली म्हणाली, "पत्र कोण वाचतंय? आपलं काम व्हिडिओचं, आपण व्हिडिओच पाठवू."

तिने दोन मिनिटांची फिल्म बनवली. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत ज्यांच्याकडे तो कॅमेरा होता त्यांना गाठलं. प्रत्येक जण पट्टे मारणाऱ्या वॉलसमोर कॅमेरा घेऊन उभा, आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, बस. शेवटी दत्ता. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा तो बोलला, "कॅमेरा गुनी हाय. त्याला फक्त एक आकडा शिकवा."

कंपनीकडून छापील उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. मग काही महिने काहीच नाही. आम्ही नाद सोडला. दत्ताने सोडला नाही. रोज सकाळी स्टुडिओत आल्यावर आधी कंपनीची वेबसाइट उघडायचा, मग खिडकी.

एका सकाळी खिडकी उघडायची राहिली.

* * *

अपडेट आलं होतं. फाइल कार्डवर घ्यायची, कार्ड कॅमेऱ्यात टाकायचं, बॅटरी फुल ठेवायची आणि मध्ये बंद करायचं नाही. दत्ताने कॅमेरा टेबलाच्या मधोमध ठेवला. फॅन बंद केला. मला खोलीत पाऊलही टाकू देईना.

"श्वास घेतला तर चालेल का?" वैशालीने विचारलं.

स्क्रीनवरची अपडेटची पट्टी भरत गेली. पूर्ण भरली. आणि स्क्रीन काळा झाला. एक मिनिट गेलं, तरी काळाच. दत्ताचा चेहरा बघवत नव्हता. मग स्क्रीन उजळला. त्याने मेनू उघडला, शटरवर गेला आणि चाक अगदी हळू फिरवलं. पन्नास. पन्नास पॉइंट एक.

तो तसाच फरशीवर बसला आणि कॅमेरा वैशालीच्या हातात दिला. "तू फिरव," म्हणाला. "तुझा पन हाय तो."

* * *

पुढच्याच महिन्यात कामोठ्याच्या एका रिसेप्शनला घरत भेटला. मुलाकडून तो, मुलीकडून आम्ही. मागे भली मोठी वॉल. घरत येऊन दत्ताच्या स्क्रीनमध्ये वाकला. एकही पट्टा नाही.

"आलं का तुझ्यात पण?"

"आलं."

घरत स्वतःच्या नव्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं यार. उद्या हा पण जुना होणारच आहे."

* * *

आणि जुईनगरचं श्रुतीचं लग्न. तिचे वडील शशिकांत पाटील जहाजावर फिटर. घरी यायचं ठरलं होतं, पण जहाज भलत्याच बंदरात अडकलं. मुहूर्त दुपारचा. घरच्यांनी त्यांचा व्हिडिओ कॉल स्टेजमागच्या वॉलवर लावला. समोर नवरा-नवरी, मागे वॉलभर वडील, अंगावर बॉयलर सूट. जहाजावरच्या किचनमधून मागून आणलेले, हळद लावलेले तांदूळ मुठीत धरून उभे.

दत्ताने कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर न नेता मागे घेतला. शटर जुळवला. वडील आणि मुलगी एका फ्रेममध्ये, दोघंही स्वच्छ.

शेवटचं "सावधान" झालं. वॉलवर पाटलांनी मूठ उघडली आणि तांदूळ पुढे फेकले. त्याच क्षणी इकडे हॉलमधल्या अक्षता श्रुतीच्या केसांवर पडल्या. तिने डोक्यावर हात फिरवला आणि मागे वळून बघितलं. पुढच्या मिनिटाला कॉल कट झाला, तो परत लागलाच नाही.

तीन महिन्यांनी पाटील जहाजावरून उतरले आणि बायकोला घेऊन थेट स्टुडिओत आले. वैशालीने तेवढाच भाग लावला. तिने त्याला कुठेही कात्री लावली नव्हती, गाणंही टाकलं नव्हतं.

पाटलांनी तो एकदा पाहिला. परत लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी श्रुती वळली तिथे त्यांनी हाताने थांबवायची खूण केली. उठून स्क्रीनजवळ गेले आणि तिच्या केसांतल्या एका पिवळ्या दाण्यावर बोट ठेवलं.

"हा माझा," म्हणाले.