धनुष्याला लावलेली तीट

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या बरं. पुढं पुढं हसू येईल की नाही, सांगता येत नाही. माझ्या लेकीचा वर्षभराचा सराव मी काजळात बुडवला. तेही किती काजळ? करंगळीच्या टोकाएवढं!

लेक म्हणजे ईश्वरी. वय दहा. वजन विचारू नका, डॉक्टर विचारतात तेव्हासुद्धा मी दुसरीकडे बघते. आमच्या लातुरात या वयाची पोरं क्लास लावतात. हिनं धनुष्य उचललं.

मला आपलं वाटायचं, तिरंदाजीच्या स्पर्धेत गट असतात ते वयाचे. नाही हो! नुसतं वय बघून भागत नाही, धनुष्याची जात बघतात. बांबूचं वेगळं, फायबरचं वेगळं, चाकं लावलेलं तर त्याहून वेगळं. आमचं बांबूचं. त्यातही पुन्हा दोन गट. नेम धरायला वर साइट बसवलेली असली की साइटचा गट. काहीच नसलं की साधा गट. साध्या गटात नुसता डोळा आणि हात, बस.

ईश्वरी साध्या गटातली. नांदेडच्या स्पर्धेतून पहिल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. आणि तिचे तिरंदाजीचे सर म्हणाले, "ताई, हिचं नाव धरूनच चाला."

मला तिथंच घाम फुटला. कुणी लेकीचं चांगलं बोललं की मला तिचा ताप आठवतो. मागच्या दिवाळीत शेजारच्या काकू नुसतं "किती गोड दिसून राहिली" म्हणाल्या, आणि पोरगी भाऊबीजेला सलाइनवर! तशी मी एम.एस्सी. आहे, फिजिक्समध्ये. दृष्टबिष्ट मी मानत नाही. फक्त काढते.

नांदेडच्या मैदानावर पोचलो. धनुष्य नवं कोरं, बांबू लोण्यासारखा पिवळा. एक बाई जवळ येऊन म्हणाली, "लई सुरेख हाय हो तुमच्या पोरीचं धनुष्य!"

झालं! ईश्वरीच्या कानामागं तीट होतीच. मग धनुष्यानं काय घोडं मारलंय? माझ्या सासूबाई नव्या मोटारसायकलला लावतात, व्यालेल्या म्हशीला लावतात. मी पर्समधून काजळाची डबी काढली. बिलोलीहून आईनं पाठवलेलं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. बाहेरून लावलं तर बाकीच्या पोरी हसतील, म्हणून आतल्या बाजूला लावलं. मुठीच्या जरा वर, फक्त ईश्वरीच्या डोळ्यासमोर येईल अशा जागी. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

थोड्या वेळानं पंचबाई एकेक धनुष्य तपासत आल्या. आमच्यापाशी थांबल्या.

"बेटा, ही खूण कशाची?"

ईश्वरीनं धनुष्य फिरवून पाहिलं. "मला नाही माहीत."

"सर! साध्या गटात खूण? तीही मुठीच्या वर? सरळ नेम धरता येतो की याच्यावर!"

सर पांढरेफटक. "मॅडम, आईशप्पथ, काल नव्हती!"

मी मैदानाभोवतीची दोरी ओलांडून धावले. "बाई, ती तीट आहे!"

"काय आहे?"

"तीट. दृष्ट लागू नये म्हणून." पुरावा म्हणून मी ईश्वरीचा कान ओढून दाखवला. अख्खी रांग वळून बघत होती. पोरगी लालेलाल.

पंचबाईंनी कान नीट पाहिला. "लेकराला चालते हो. धनुष्याला न्हाई चालत."

"पण हिला तर कळलंपण नव्हतं!"

"मला पटलं. पण काजळ असो की खिळा, खूण ती खूण. पुसून आणा, मग बघू."

पुसून आणा! किती सोपं, नाही? आया लेकराचं तोंड पुसतात तसं मी अंगठ्याला थुंकी लावून पुसलं. ठिपका होता, त्याची रेघ झाली.

"ताई, थांबा," सर म्हणाले.

मी कसली थांबते! ओढणीनं घासलं. रेघ लांबली. मग नळावर नेलं. काजळ तेलकट, पाण्याला कशाला दाद देतंय? म्हणून खालची चिमूटभर वाळू घेतली. काजळ थोडं गेलं हो, खोटं कशाला बोलू. पण त्या लोण्यासारख्या बांबूवर एकाखाली एक ओरखडे उठले.

"ताई, काय करून राहिल्या तुम्ही! हात लावू नका आता!" सर जवळजवळ रडत होते.

बाईंनी धनुष्य हातात घेतलं, उलटसुलट केलं. "मघाशी एकाच अंतराचा नेम धरता येत होता," त्या म्हणाल्या. "आता तर फूटपट्टीच केलीत की याची."

सरांकडं दुसरं एक धनुष्य होतं, मोठ्या पोरींचं. ईश्वरीनं ओढून पाहिलं. दोरी हनुवटीपर्यंतसुद्धा येईना. ओठ दाबून तिनं पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढायला लागली तेव्हा सरांनीच ते काढून घेतलं.

"साइटच्या गटात खेळू शकते," बाई हळूच म्हणाल्या. "तेवढंच करता येईल मला."

मग काय! सगळ्या पोरींच्या धनुष्यांवर चकचकीत साइट, आणि त्यांच्यात माझी लेक, बरबटलेलं धनुष्य घेऊन. त्या ओरखड्यांकडं तिनं एकदाही बघितलं नाही. नेहमीसारखीच मारत राहिली. त्या गटात शेवटची आली.

आणि साध्या गटात? तिथं जी पोरगी दुसरी आली, तिच्यापेक्षा ईश्वरीचे गुण जास्त होते. हे सरांनी सांगितलं नाही, मीच फलकावर बघितलं. सरांनी फक्त एक केळ माझ्या हातात दिलं. "घ्या ताई, अर्धापूरचं आहे." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एसटीत पोरगी खिडकीशी बसली, धनुष्य मांडीवर घेऊन. मी अहमदपूर येईपर्यंत केळ तसंच धरून बसलेले.

मग तिनं विचारलं, "आई, पुढच्या स्पर्धेला तू येणार आहेस?"

माझा ऊर भरून आला. "म्हणजे काय! एकटीला सोडेन होय मी तुला?"

तिनं धनुष्य माझ्यापासून लांब, खिडकीकडं सरकवलं.

"मग सरांना सांग," ती म्हणाली, "उद्यापासून मला साइटच्या गटाचंच शिकवा."