खरखर गेलेली लाईन

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या त्या मेकॅनिकला सहकारी ‘खरखरे’ म्हणत. गावभरच्या लाईनींची खरखर ते हातासरशी घालवत, घरच्या लाईनीची मात्र जिवापाड जपत. कारण रोज संध्याकाळी ताईचा फोन येई.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघांचे वडील, आप्पा, कित्येक वर्षं तिच्याकडेच होते. आता तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलेलं; ती बरी होईपर्यंत आप्पांना भावाने न्यावं, एवढंच तिचं मागणं. पण आप्पा हाडाचे हेडमास्तर. मागे आठवडाभर खरखऱ्यांकडे राहिले तेव्हा पन्नाशीच्या मुलाला त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लावली होती, तीही शेजाऱ्यांसमोर. बायको म्हणे, आणा की त्यांना. तिची हरकत असती तर बिचाऱ्या खरखऱ्यांना काही सबब तरी मिळाली असती. म्हणून ताई विषयावर आली की खरखरे रिसीव्हरवर कंगवा घासत, लाईन खराब आहे म्हणून ओरडत आणि फोन ठेवून सुटकेचा निःश्वास सोडत. माणूस नोकरीचा उपयोग कशाकशासाठी करील, सांगता येत नाही.

मग वरून हुकूम आला. हॉलभर उभी असलेली फोन जोडून देणाऱ्या जुन्या स्विचची कपाटं मोडीत काढायची आणि आवाज इंटरनेटवरून न्यायचा. कपाटांच्या रांगाच्या रांगांचं काम आता भिंतीवरची एक पेटी करणार होती. लाईनीत खरखर म्हणून उरणार नाही, हे कळताच खरखऱ्यांनी नाना खुसपटं काढली. साहेबांना वाटलं, जुन्या यंत्रांवर माणसाचा जीव जडलाय. ते इतके हेलावले, की नव्या लाईनीचा पहिला मान त्यांनी खरखऱ्यांच्याच घराला दिला.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. ताईच्या घरचा पंखा कुरकुरतोय, हेसुद्धा इकडे ऐकू येत होतं. ऑपरेशनची तारीख ठरल्याचं तिने सांगितलं आणि खरखऱ्यांचा हात सवयीने कामाला लागला.

“कंगवा घासतोयस ना रे?” ताई म्हणाली. “स्वच्छ कळतंय.”

खरखऱ्यांना पळता भुई थोडी झाली. त्यांनी कंगवा खिशात टाकला. तेवढ्यात पलीकडे, खोलीच्या कोपऱ्यातून, आप्पांचा आवाज आला. एके काळी अख्खी शाळा हलवणारा तो आवाज आता पार बसला होता.

“नको गं त्याच्या मागे लागूस. ‘नाही’ म्हणणं जमत नाही त्याला, लहानपणापासून. तूच म्हण लाईन खराब आहे, आणि ठेवून दे. माझं मी बघेन.”

म्हणजे आप्पांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी ते मुलालाच सांभाळून घेत होते. खरखऱ्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

“ताई, रविवारी येतो मी. आप्पांना घेऊन जातो.”

“काय म्हणालास?” ताई म्हणाली. “ऐकू नाही आलं.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. आणि मग रिसीव्हर आप्पांच्या कानाशी धरून चौथ्यांदा.