हौशीच्या चुलीचा वैल

नाव : हौशी कोम मंगळू (नवरा, मयत). राहणार जामसर, तालुका जव्हार, जिल्हा ठाणे. वय : अंदाजे पन्नास. चूल : मातीची, नादुरुस्त. शिफारस : दुरुस्ती / बदली, नको ते खोडावे.

संस्थान विलीन होऊन सहा वर्षं झाली होती. जामसरला त्यातून देवराम नावाचा एक ग्रामसेवक मिळाला आणि ग्रामसेवकाबरोबर बिनधुराच्या चुलींची योजना. नवी हवी तर जुनी आधी फोडायची, असा नियम. हौशीची चूल मधोमध तडकली होती. तिच्याबद्दल हौशीचं काही म्हणणं नव्हतं. अडलं ते बाजूच्या वैलावर, चुलीच्याच जाळावर तापणाऱ्या जोडचुलीवर. तो तानीने, लेकीने, लग्नाआधी घातलेला, स्वतःच्या वितीने मापून. वीत लहान, म्हणून त्यावर एकच बोळकं बसायचं आणि ते बोळकं ती सासरी घेऊन गेली. चार वर्षं वैल रिकामा होता. हौशी तो रोज सारवायची.

तानी दाभोशाला दिलेली. सासरचे तिला शिमग्यालाही धाडत नसत; शेतातलं काम संपलं की म्हशीचं निघायचं. हौशी दोनदा जाऊन ओटीवरूनच परतली होती.

"जिनं घातली तिनंच फोडायची," ती देवरामला म्हणाली. "माझी मी फोडते. वैल तानीचा हाय."

"मग बोलव की तिला, मावशी."

"माझ्या बोलावण्यानं आली असती तं तुला कशाला सांगितलं असतं, भाऊसाहेब? तुझ्याकडं शिक्का हाय ना?"

देवरामने लिहिलं : सदर बाईने चुलीकामी जातीने हजर राहावे. व्याह्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्क्याची ओळख त्याला संस्थानापासूनची. तिसऱ्या दिवशी तो सुनेला स्वतः घेऊन आला आणि तिचा गुन्हा काय, ते हळूच विचारून गेला.

तानी दोन दिवस राहिली. बहुतेक वेळ झोपली. मायलेकी फारसं काही बोलल्याचं शेजारच्या गौराने ऐकलं नाही, आणि ती ऐकत होती. निघायच्या सकाळी देवराम पहार घेऊन आला. तानीने वैलावर वीत ठेवून पाहिली. बोटं बाहेर गेली.

"बदली नको," हौशी म्हणाली. "दुरुस्त करू. अन् दुरुस्तीला बी हिलाच यावं लागंल. तसं लिही."

दप्तरी नोंद आहे : माती कच्ची असल्याने वैल वारंवार ढासळतो, सबब मूळ कारागिरास दरसाल पाचारण करावे.

दर माघात हौशी कोयत्याच्या मुठीने वैलाचा एक कोपरा पाडते.