पिलूनगरातला मोहरी कानांचा हत्ती

शिरगावच्या विठा भोईरला सगळे संशयी म्हणायचे आणि ती ते कधी नाकारत नसे. दुधाची पिशवी ती दोनदा उलटीपालटी करून बघायची, रिक्षात बसायच्या आधी रिक्षावाल्याचं तोंड न्याहाळायची, आणि नव्या बिल्डिंगमधल्या एखाद्या बाईने हसून "ताई, बऱ्या आहात ना?" असं विचारलं, तर ही आता काय मागणार याचा अंदाज घेतच उत्तर द्यायची. पण याच स्वभावावर तिचं पोट चालत होतं. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये हरेशशेठचा मऊ खेळण्यांचा कारखाना होता, तिथे ती एकोणीस वर्षं चेकिंगला होती. शिवून, कापूस भरून झालेलं प्रत्येक अस्वल, प्रत्येक माकड शेवटी तिच्या टेबलावर यायचं. ती त्याचे डोळे चिमटीत धरून ओढायची, नाक पिळायची, शिवणीत नख घालून बघायची. सुटलं की परत.

त्याला कारणही होतं. तिचा राजू दीड वर्षाचा असताना जत्रेतून आणलेल्या अस्वलाचा डोळा त्याने गिळला होता. पोर निळं पडायला लागलं. विठाने त्याला मांडीवर पालथा घातला आणि पाठीत थापट्या मारत राहिली, डोळा बाहेर पडेपर्यंत. तेव्हापासून दिसायला गोड असणाऱ्या वस्तूवरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच.

गेल्या दिवाळीनंतर कारखान्यात एक नवीन ऑर्डर आली. ससे, हत्ती आणि मांजरं. दिसायला नेहमीसारखीच, पण प्रत्येकाच्या शेपटीपाशी कापडी पट्टी शिवायची आणि त्या पट्टीच्या आत कोड छापलेला कागद. हरेशशेठने सगळ्यांना गोळा करून समजावलं. मुलांनी तो कोड मोबाइलमध्ये टाकायचा, मग तेच जनावर मोबाइलमध्ये जिवंत होतं. त्याला घर मिळतं, अंगण मिळतं, त्याला खाऊ घालायचा, आंघोळ घालायची. त्या सगळ्या वस्तीचं नाव पिलूनगर.

"आणि तिथे राहतं कोण?" विठाने विचारलं.

"अरे विठाबाई, जानवरं राहतात ना. बच्चा लोगची जानवरं," हरेशशेठ म्हणाले.

विठाला ते पटलं नाही. जनावरामागे पोर असतं आणि पोराच्या आडून कोण असतं हे कुणी बघितलंय, असं ती दुपारी डबा खाताना कुंदाला म्हणाली. कुंदा तिच्या शेजारच्या टेबलावर डोळे बसवायची. पंधरा वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. त्या दिवशी कुंदा नुसती मान हलवून डबा झाकायला लागली.

त्या ऑर्डरमधला एक ससा विठानेच नापास केला. त्याचा एक कान आखूड शिवला गेला होता. हरेशशेठने तो तिच्या नातीसाठी दिला. तेजस्वी तिसरीत होती. विठाने पट्टी कापून टाकायचं ठरवलं होतं, पण तिच्या सुनेने, संजीवनीने, आधीच कोड टाकून दिला. तेजस्वीने सशाचं नाव चिऊ ठेवलं आणि शाळेतून आली की ती आईच्या जुन्या मोबाइलवर पिलूनगरात जाऊन बसायला लागली.

विठाने विरोध केला तेव्हा राजूने तिला नीट दाखवलं. तिथे मुलांना काही लिहिताच येत नव्हतं. ठरलेली वीसेक वाक्यं होती, मला भूक लागली, तुझं घर छान आहे, माझ्याशी खेळशील का, अशी. बोट लावलं की ते वाक्य जनावराच्या तोंडातून यायचं. मुलाचं नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही, दारावर फक्त जनावराचं नाव. फार तर गल्ल्या जिल्ह्याप्रमाणे पाडलेल्या, तेवढंच.

"आई, यात कोणी काही करूच शकत नाही," राजू म्हणाला. विठा मनातून हलली नाही. तेजस्वी खेळायला बसली की ती मेथी निवडायला घेऊन तिच्या मागे बसायची.

चिऊच्या घरी एक हत्ती यायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. रोज दुपारी बरोबर सव्वा वाजता, भेटीची वेळ दारावर दिसायची. तेजस्वी शाळेतून आली की दारात काहीतरी ठेवलेलं असायचं, गाजर, पांघरूण, झोपाळा. तेजस्वीला आनंद व्हायचा, विठा मात्र प्रत्येक वस्तू मोजून ठेवायची. फुकट कोणी रोज देत नाही. देणाऱ्याला काय पाहिजे?

एका रविवारी हत्ती तेजस्वीच्या समोरच आला. विठाने चष्मा लावून बघितलं आणि तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. हत्ती राखाडी होता, पण त्याचे कान मोहरी रंगाचे, गडद पिवळे होते.

बाजारात गेलेल्या सगळ्या हत्तींचे कान गुलाबी होते. मोहरी कानांचे फक्त सहा शिवले होते, नमुन्याचे. ऑर्डर देणाऱ्या कंपनीला तो रंग आवडला नाही म्हणून ते सहाही परत आले आणि मागच्या खोलीत पोत्यात पडले होते. ते विकलेच गेले नव्हते. म्हणजे त्याचा कोड ज्याच्याकडे होता तो माणूस कारखान्यातलाच होता.

सोमवारी तिने पोतं उघडून मोजलं. पाच हत्ती निघाले.

त्या दिवसापासून विठाला कारखान्यातलं एकही माणूस धड दिसेना. सगळ्यात जास्त संशय मिलिंदवर गेला. मिलिंद कटिंग मास्टर, पंचेचाळिशीचा, लग्न न केलेला. जेवणाच्या सुट्टीत कोणात मिसळायचा नाही, कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायचा. सव्वा वाजता! विठाने पाण्याच्या निमित्ताने त्याच्या मागून दोन चकरा मारल्या. त्याने मोबाइल पालथा घातला. तेवढ्यावर तिने हरेशशेठच्या कानावर घातलं की मिलिंदवर नजर ठेवा. का ते सांगितलं नाही. हरेशशेठने त्याला बोलावून काहीबाही विचारलं, आणि मिलिंद दोन दिवस कोणाशी बोलला नाही. कुंदाला ती सगळं सांगायची, पण नातीचं नाव कारखान्यात कोणाच्याच तोंडी नको म्हणून हे तिने तिलाही सांगितलं नाही.

मग ती फुलं आली. हत्तीने चिऊच्या अंगणात झेंडू लावले होते. तेजस्वीने कौतुकाने मोबाइल आजीपुढे धरला. विठाचा चष्मा आत राहिला होता, म्हणून तिने हात लांब करून मोबाइल दूर धरला, आणि जवळून नुसती विस्कटलेली वाटणारी फुलं लांबून जुळून आली. नऊ. आठ. मग दोन. तीन ओळींत मिळून दहा आकडे, मोबाइलचा नंबर. तेजस्वीच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

विठाने पोरीला काही कळू दिलं नाही. कॅलेंडरच्या मागे आकडे लिहून घेतले. मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. तेजस्वी रडली, संजीवनी चिडली, पण राजूने फुलांचा अर्थ समजल्यावर आईकडे असं बघितलं, की पुन्हा कोणी तिला संशयी म्हटलं नाही. तो पोलिसांत जायचं म्हणत होता. विठा म्हणाली, एक दिवस थांब, माणूस माझ्या ओळखीतला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ हरेशशेठच्या केबिनमध्ये गेली आणि दार लोटून सगळं सांगितलं. शेठचा चेहरा उतरला. त्यांच्याही दोन नाती होत्या. ते म्हणाले, माझ्या मोबाइलवरून लाव. केबिनची काच कारखान्याकडे उघडायची. विठाने आकडे दाबले ते मिलिंदच्या शर्टाच्या खिशाकडे बघत.

मिलिंद कापडावर खडूने रेघ मारत राहिला. घंटी वाजली ती दुसऱ्या बाजूने. हरेशशेठने मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं.

"साईं," ते आपल्या सिंधी सवयीने हळू आवाजात म्हणाले, "ये तो अपनी कुंदाबाई."

काचेपलीकडे कुंदा पिशवीतून फोन काढत होती. शेठचं नाव बघून ती घाईघाईने उभी राहिली.

तिला आत बोलावलं. विठाने कॅलेंडरचा कागद टेबलावर ठेवला. पंधरा वर्षांच्या मैत्रिणीशी ती पोलिसासारखं बोलली. हत्ती तू घेतलास का? फुलं तू लावलीस का? त्या पोरीकडून तुला काय पाहिजे होतं?

कुंदाने कागद बघितला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. विठा ते कधी विसरली नाही.

"तुला कुठे सापडली राजसी?" कुंदाने विचारलं. "तिने दिला का हा नंबर? ती भेटली तुला?"

मग सगळं बाहेर आलं. कुंदाच्या मुलाचा, अवधूतचा, तीन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला होता. तो पुण्याला निघून गेला. सून कुमुदिनी मुलीला, राजसीला, घेऊन अंबरनाथला माहेरी राहिली आणि या घराशी तिने संबंध तोडला. कुंदाचा नंबरसुद्धा तिने आपल्या मोबाइलवर ब्लॉक करून टाकला होता. राजसीच्या वाढदिवसाला कुंदाने या ऑर्डरमधला एक ससा कुरिअरने पाठवला. पोचला की नाही, काही कळलं नाही. मग पोत्यातला एक हत्ती घेतला, कोड टाकला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा धुवायच्या निमित्ताने नळाकडे जाऊन पिलूनगरात गल्लीगल्लीने ससे शोधायला लागली. शेकडो ससे बघितले. एक दिवस एका सशाच्या दारावर नाव दिसलं, चिऊ. राजसीला ती जन्मल्यापासून चिऊ म्हणायची.

"बोलता येत नाही गं तिथे. आजी म्हणून सांगता येत नाही," कुंदा म्हणाली. "म्हणून फुलं लावली. ती हुशार आहे, वाचेल असं वाटलं."

विठाच्या डोक्यातला राग जागच्या जागी थिजला. आता सांगायचं ते तिलाच सांगायला लागणार होतं.

"कुंदा, ती राजसी नाही," ती म्हणाली. "ती आमची तेजस्वी आहे."

कुंदा बराच वेळ कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने विचारलं, झोपाळा आवडला का तिला. विठाने हो म्हटलं. कुंदा उठून आपल्या टेबलाशी गेली आणि संध्याकाळपर्यंत डोळे बसवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आपलं टेबल खिडकीकडे हलवलं आणि डबा एकटीने खाल्ला.

विठाला घरी सगळे म्हणाले, बघ, उगाच घाबरलीस, बाई साधी निघाली. पण ते तिला मान्य नव्हतं. कुंदाला जमलं ते दुसऱ्या कोणालाही जमेल, असं तिने हरेशशेठला ठणकावलं आणि कंपनीला पत्र पाठवायला लावलं. मिलिंदपुढे जाऊन तिने चूक झाली म्हणून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवून पुन्हा कापडाकडे वळला. मोबाइलवर तो काय बघायचा ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

तरी मनातून एक गोष्ट जात नव्हती. कुंदाने राजसीला पाठवलेला तो ससा पोचला होता का? कुमुदिनीच्या माहेरचा पत्ता तिला कुंदाच्या जुन्या बोलण्यातून माहीत होता. पुढच्या शनिवारी घरी जाताना ती अंबरनाथला उतरली आणि विचारत विचारत त्या बिल्डिंगमध्ये गेली.

कुमुदिनीने साखळी न काढता दार उघडलं. विठाने आपण कोण ते लपवलं नाही. सासूबाईंनीच पाठवलंय का, असं कुमुदिनीने विचारलं. विठा म्हणाली, तिला माहीतही नाही. ससा मीच पास केलाय, तो कुठे गेला ते बघायला आले.

साखळीच्या फटीतून दोघी एकमेकींना जोखत राहिल्या. शेवटी कुमुदिनीने दार उघडलं. ससा बेडरूममधल्या कपाटावर होता, प्लास्टिकमध्ये तसाच. पट्टी उघडलेलीसुद्धा नव्हती. राजसीला तो दाखवलाच नव्हता.

"आत काय आहे कोण जाणे," कुमुदिनी म्हणाली. "कोड टाकला की आमचा ठावठिकाणा कोणाकोणाला कळेल? मी विश्वास ठेवत नाही."

"बरोबर केलंत," विठा म्हणाली. कुमुदिनीला या उत्तराची अपेक्षा नव्हती. विठाने तिच्याकडे कात्री मागितली. पट्टी मुळापासून कापली, कागदाचे बारीक तुकडे केले आणि कुमुदिनीच्या हातावर ठेवले. मग सशाचे दोन्ही डोळे ओढून दाखवले. "आता हा नुसता ससा आहे. डोळे तिच्या आजीने बसवलेत. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

ती चहाही न घेता निघाली. स्टेशनजवळ भाव न करता पेरू घेतले, इतकी ती बेचैन होती.

महिनाभर काही झालं नाही. कंपनीचं पत्राला उत्तर आलं नाही. तेजस्वीचा मोबाइल कपाटातच राहिला. आखूड कानाचा ससा आधी दोन दिवस कोपऱ्यात पडून होता, मग तिने त्याला शाळेच्या दप्तरात घालून न्यायला सुरुवात केली.

मग एका सोमवारी कुंदा डबा घेऊन विठाच्या टेबलाशी आली. बसली नाही, उभ्यानेच बोलली. काल कुमुदिनीचा फोन आला होता. महिन्यातून एक रविवार, अंबरनाथच्या बागेत, एक तास. कुमुदिनी बाकावर समोर बसून राहणार. अवधूतचा विषय काढायचा नाही.

"पहिलीच वेळ. ओळखेल का ती मला?" कुंदाने विचारलं.

विठाने खोटं सांगितलं नाही. माहीत नाही, म्हणाली. पण लवकर जा, आधी जाऊन बस, म्हणजे ती आत येतानाच तुला दिसेल.

कुंदाने स्टूल ओढलं. भाजी कारल्याची होती. निम्मी तिने विठाच्या झाकणात वाढली. दोघी जेवल्या. मध्येच कुंदाचा फोन वाजला, तेव्हा ती तो घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथे पाठमोरी उभी राहून बोलली. पूर्वी ती तिथेच बसून बोलायची. विठाने ते बघितलं आणि आपण ते बघतोय हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मान खाली घालून जेवत राहिली.